शिधा पायजे का ताट?

फोन उचलून ‘हॅलो’ म्हणणं मन्मथअप्पांना कधी जमलं नाही. पलीकडून कुणी “सर, ते गणित छापायचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं,” एवढं म्हणायचा अवकाश, अप्पा विचारायचे, “शिधा पायजे का ताट?” माणूस नवखा असला की गडबडायचा. फोन चुकून एखाद्या खानावळीला लागला असं समजून ठेवून द्यायचा. मग अप्पा आमच्याकडं वळून म्हणायचे, “गेलं बगा गिऱ्हाईक. भूकच नव्हती त्याला.”

आता हे शिधा-ताट काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही फोन ठेवून द्याल.

अप्पा लातूरच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढं नांदेडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, केस पिकायला लागले, तरी त्यांच्या लेखी विद्यार्थिनीच. अप्पा मूळचे उदगीरचे, घरचं किराणा दुकान. लिंगायताचं घर, त्यामुळं दारात जंगम स्वामी यायचे, आणि अप्पांची आई प्रत्येकाला विचारायची, “शिधा देऊ का ताट वाढू?” ज्याला आपल्या हातानं रांधून खायचंय त्याला पीठ, डाळ, मीठ-मिरची बांधून द्यायची. जो उन्हातान्हात चालून दमून आलाय त्याला सरळ पाटावर बसवून वाढायचं. अप्पांनी आईचा हा प्रश्न उचलला आणि कॉम्प्युटरला लावला.

गणिताची पुस्तकं नि प्रबंध ज्यावर देखणे जुळवून निघतात, त्या सॉफ्टवेअरचं नाव टेक. फुकट मिळतं. पण कच्चं घेतलं तर ज्याच्या त्याच्या युनिक्सच्या मशीनवर ते कंपाइल करून, म्हणजे त्या मशीनला चालेल असं तयार करून घ्यावं लागतं, आणि त्यात अर्ध्या वाटेवर काहीतरी कमी पडतंच. तयार केलेलंही मिळतं. पण ते इतकं अवाढव्य की आमच्याकडच्या इंटरनेटवर उतरवून घेता घेता पोराचं शिक्षण, लग्न, बारसं सगळं उरकावं. म्हणून अप्पा आपल्या विभागातल्या मशीनवर ते एकदाच नीट ‘शिजवायचे’. नको ते काढून टाकायचे, मराठी अक्षरं घालायचे, विद्यापीठाला हवा तसा प्रबंधाचा साचा घालायचे, आणि आटोपशीर ताट करून लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना वाटायचे. कच्चा तो शिधा, तयार ते ताट. शिधा मागणारा माणूस त्यांना मनापासून आवडायचा, पण तो त्यांना आयुष्यात दोनदाच भेटला. बाकी आम्ही सगळे पाटावर बसणारे.

दिसायला अप्पा ठेंगणे, गोल, नि भलतेच नीटनेटके. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, पांढरा शर्ट, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि हातात जेवणाचा स्टीलचा डबा. डबा चार पुडाचा. खालच्या दोन पुडांत भाकरी-पेंडपाला आणि वरच्या दोन पुडांत पेनड्राइव्ह. गंगाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एकदा घाईत वरच्या पुडात लसणाची चटणी भरली. पुढं महिनाभर ज्या ज्या कॉलेजात टेक बसवलं तिथं तिथं लसणाचा वास दरवळला. अप्पा म्हणाले, “ताट म्हणल्यावर चटणी आलीच की.”

नम्रता हा गुण अप्पांना देवानं दिला होता, पण त्यांनी तो वापरला नाही. नावाच्या उच्चारावरून तर ते भांडायलाच उठायचे. कुणी ‘टेक्स’ म्हटलं की वर्ग थांबायचा. “टेक्स न्हाई, टेक! शेवटचं अक्षर ग्रीक हाय ते. तुमच्या काकानं ठेवलंय का नाव?” आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी एकदा त्यांचा अर्ज ‘टॅक्सबाबत’ असा शेरा मारून हिशेब विभागाकडं धाडला, आणि दोन महिन्यांनी अप्पांना पगारातून काय काय वजा होतं त्याचा तक्ता मिळाला. तो त्यांनी केबिनमध्ये चिकटवून ठेवला होता.

पण हीच काटेकोर मूर्ती गॅदरिंगच्या दिवशी कशी वागली ते ऐका. टेकची जी सोपी आवृत्ती सगळे वापरतात तिला लाटेक म्हणतात. प्रमुख पाहुणे होते कुणीतरी पुढारी. त्यांच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली, ती त्यांनी वाचली, आणि त्यांचा ऊर भरून आला. “लातूरनं राज्याला परीक्षेचा पॅटर्न दिला, आता आपल्या अप्पांनी जगाला लाटेक दिलं! लाटेक म्हणजे काय? ला म्हणजे लातूर!” टाळ्या. शाल, श्रीफळ. मी पहिल्या रांगेत ओठ चावून बसलेली. आता अप्पा माइक हातात घेणार नि पाहुण्यांना ग्रीक शिकवणार, म्हणून जीव मुठीत धरलेला. अप्पांनी शाल नीट केली, हात जोडले आणि खाली बसले.

नंतर मी विचारलं, “अप्पा, बोलला का नाही?”

“सत्कार चालू असताना दुरुस्ती करत न्हाईत, नांदेडकर.”

मला ते नांदेडकरच म्हणायचे. माझं आडनाव वेगळं आहे, पण ते त्यांना लक्षात ठेवायचं नव्हतं.

उमरीच्या कदमसरांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कदमसर माझे मित्र. कॉलेजात नवीन मशिनं आली म्हणून त्यांनी अप्पांना बोलावलं. अप्पा एसटीनं लातूरहून नांदेड, नांदेडहून उमरी असे डबा मांडीवर घेऊन गेले. ताट उतरवलं, आज्ञा दिली, आणि मशीननं सरळ सांगितलं, हे मला चालवता येत नाही. मशिनं ‘नवीन’ म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कॉलेजानं टाकून दिलेली. जुन्या जातीची. अप्पांनी नेलेलं ताट नव्या जातीच्या मशीनसाठी शिजवलेलं. आले तसे परत गेले, पुन्हा शिजवलं, पुन्हा आले. तेव्हापासून त्यांनी एक वाक्य पक्कं केलं: “माणसाची जात विचारू नये आणि मशीनची विचारल्याबिगर हात लावू नये.” पहिलं अर्ध त्यांच्या घराण्याचं, दुसरं उमरीचं.

त्याच कदमसरांनी पुढच्याच आठवड्यात फोन केला. “अप्पा, मशीनला काहीच ओळखू येईना झालंय. साधी फायलींची यादी दाखव म्हणलं तर ‘सापडत नाही’ म्हणून राहिलंय!” झालं होतं असं, की नवीन सॉफ्टवेअर कुठं ठेवलंय त्याचा पत्ता मशीनला सांगावा लागतो. त्याला पाथ म्हणतात. अप्पा म्हणायचे वाट. कदमसरांनी नवी वाट लिहिली ती जुनी सगळी पुसून लिहिली. मशीन बिचारं आपल्याच घरात वाट चुकलं.

“कदमसर,” अप्पा म्हणाले, “नवी सून आणली म्हणून जुन्या सासूला घराबाहेर काढत न्हाईत. नवी वाट ल्ह्या. मग विसर्ग द्या. मग जुनी वाट जोडा.”

विसर्ग म्हणजे ती एकावर एक दोन टिंबं. इंग्रजीत त्याला कोलन म्हणतात, मराठीत अपूर्णविराम. पण अप्पांना हे दोन्ही शब्द गुळमुळीत वाटायचे. “विसर्ग म्हणा! दुःखातला विसर्ग. एकदा सांगितला की मानूस जन्मात इसरत न्हाई.” तसा त्यांचा हा सगळा वाटेचा धडा जिल्ह्याच्या गोष्टीवरच बेतलेला होता. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला तेव्हा अप्पा तरुण होते. नवा जिल्हा झाला, पाट्या रंगवल्या, पण मामाची, आत्याची पत्रं कैक वर्षं ‘मु. पो. उदगीर, जि. उस्मानाबाद’ अशीच यायची. आणि पोचायची! कारण पोस्टातल्या माणसाला दोन्ही वाटा ठाऊक. “जिल्हा नवा करा की, कोन नको म्हणतंय. पन जुन्या पत्त्यावर आलेला मानूस उपाशी जाऊ नये,” हे अप्पा वर्गात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही सांगायचे. माझ्या लग्नातही सांगितलं. माझ्या सासूबाईंना वाटलं आपल्यालाच टोमणा मारला.

नव्या जिल्ह्याचं वेड त्यांचं तिथंच थांबलं नव्हतं. उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, यावर त्यांची श्रद्धा होती. दर वर्षी “यंदा होतंय बगा.” जिल्हा झाला की तिथं आपण निवृत्तीनंतर एक मशीन मांडणार, सीमेपलीकडच्या पोरांना कानडीतही ताट देणार. त्यासाठी त्यांनी विभागातल्या मशीनवर ‘उदगीर’ नावाचा एक रिकामा फोल्डर करून ठेवला होता. मी चिडवायची, “अप्पा, सरकारच्या आधी तुम्ही जिल्हा घोषित केला.” तर म्हणायचे, “सरकार शिधा घेऊन बसलंय. मी ताट मांडून ठेवलंय.”

मग तो दुष्काळ आला. लातूरला नळ आटले, पाणी रेल्वेनं यायला लागलं. टँकरपुढं घागरींच्या रांगा, त्या रांगांवरून भांडणं. कॉलेजनं वसतिगृह बंद केलं आणि पोरांना सांगितलं, घरी जा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरं नेमकी प्रबंध लिहीत होती. सगळी पांगली, कुणी निलंग्याला, कुणी हदगावला, कुणी देगलूरच्या पलीकडं. विद्यापीठानं एवढीच सवलत दिली, की छापील प्रत मागाहून द्या, पण फाईल ठरल्या तारखेच्या आत आली पाहिजे. नाही आली तर वर्ष गेलं.

आणि गावोगावी जे मशीन हाताला लागेल त्याची जात वेगळी. कुणाकडं मावसभावाचं, कुणाकडं झेरॉक्सच्या दुकानातलं. म्हणजे जो जो फोन येईल त्याच्यासाठी अप्पांनी नवं ताट शिजवायचं. विभागातलं मशीन दिवसभर शिजवत राहिलं आणि तापायला लागलं. लातूरचा एप्रिल. खोली पत्र्याची. ते मशीन म्हातारं, तापलं की आपणहून बंद पडायचं, आणि पहिल्यापासून सगळं करावं लागायचं. खोलीत एक कूलर होता, तोच त्याचा आधार. आणि कूलरला लागतं पाणी.

प्राचार्यांनी सूचना लावली: कॉलेजातल्या कुठल्याही कूलरमध्ये पाणी भरू नये. चुकलं काय त्यांचं? माणसांना प्यायला पाणी नाही आणि यंत्राला पाजायचं, हे कुणाला सांगणार? अप्पांनी सूचना वाचली, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कूलर चालू. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी तेव्हा नांदेडकडं पांगलेल्या मुलांची यादी घेऊन लातूरला गेले होते. खोलीत पाऊल टाकलं तर काय, चंदनाचा घमघमाट! आणि कूलरच्या जाळीतून साबणाचे बारीक बारीक फुगे उडत होते. एक फुगा जाऊन मशीनवर बसला. अप्पा गंभीर चेहऱ्यानं टाइप करत होते.

“अप्पा, हे काय?”

“पानी.”

“कसलं?”

“आंघोळीचं.”

प्रकार असा होता. लिंगपूजा करायची तर सकाळी आंघोळ हवी. अप्पांची पूजा लहानपणापासून एकदाही चुकलेली नाही. त्यांच्या वाट्याला एक बादली यायची. आता ते मोठ्या घमेल्यात उभं राहून आंघोळ करत होते. अंगावरून उतरलेलं पाणी फडक्यानं गाळायचं, कॅनमध्ये भरायचं, कॅन स्कूटरच्या पायाशी ठेवायचा, आणि कॉलेजला आणून कूलरमध्ये ओतायचं. आंघोळीला साबण लावलेला, म्हणून फेस. “उद्यापासून बिगर साबनाची आंघोळ,” त्यांनी जाहीर केलं.

मला हसू आवरेना. तेवढ्यात दारात प्राचार्य. कूलरचा आवाज ऐकून तणतणत आलेले. “अप्पा, सूचना वाचली नाही का तुम्ही?”

“वाचली की सर. दुरुस्त पन केली.”

“मग हे पाणी?”

“कॉलेजचं न्हाई, टँकरचं न्हाई. माज्या अंगावरून उतरलेलं हाय. कुनाला प्यायचं असंल तर काढून देतो.”

प्राचार्यांनी एक मोठा श्वास घेतला. चंदन, भस्म, ओला वाळा. मग म्हणाले, “देवघरात आल्यासारखं वाटतंय.” आणि गेले. ती परवानगी समजायची, असं अप्पांनी मला समजावलं.

मी नांदेडला परत आले आणि ही गोष्ट रंगवून रंगवून सगळ्यांना सांगितली. आमच्या भागातले निम्मे प्रबंध अप्पांच्या आंघोळीवर तयार होतायत, म्हणून स्टाफरूम खो खो हसली. एकेक पोराची फाईल पोचत होती, तसा अप्पांचा फोन यायचा, “अमका जेवला. तमकी जेवली.”

शेवटच्या तारखेला माझी लातूरला तोंडी परीक्षेची ड्यूटी लागली. सकाळी उतरल्यावर आधी अप्पांच्या घरी गेले. अप्पा कॉलेजला गेलेले. गंगाकाकू उंबऱ्यात बसून राखेनं भांडी घासत होत्या. मी लाडात येऊन विचारलं, “काय काकू, सरांची आंघोळ झाली का?”

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. “वर बग,” म्हणाल्या.

वर दोरीवर अप्पांचा पंचा वाळत होता. वाळत कसला, कडक झाला होता. त्यावर धूळ बसली होती.

“टँकर येईना झालाय. बादलीची अर्धी बादली झाली,” काकू म्हणाल्या. “अर्ध्या बादलीत आंघोळ केली तर घमेल्यात काय उरतंय? म्हून ती अर्धी बादली तशीच कॅनात भरून न्हेतेत, अंगाला लावीनात. मला म्हणले, आपल्यात भस्मस्नान चालतंय. अय्यो, चालतंय की! घरात भांडी राखंनं घासून राहिलो अन् नवरा भस्मानं!” बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “त्या मशीनला जावई करून ठिवलंय यांनी. माज्या लेकीच्या नवऱ्याला बी येवढं पानी न्हाई दिलं कदी.”

मला त्या क्षणी स्टाफरूममधलं हसणं आठवलं. मी काकूंच्या शेजारी बसले आणि एक पातेलं घेतलं.

दुपारी तोंडी परीक्षा संपवून विभागात गेले तर सगळ्यांच्या फायली पोचल्या होत्या. फक्त एक राहिली होती, हदगावची वंदना. घरची पहिली शिकणारी मुलगी. तिला एका शाळेनं नोकरीचा शब्द दिला होता, पण जूनच्या आत पदवी हातात पाहिजे म्हणून. वर्ष गेलं की नोकरी गेली. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर ती अप्पांचं ताट उतरवून बसली होती, आणि ताट हलेना.

“सर, ‘सापडत नाही’ म्हणतंय,” ती फोनवर म्हणाली.

“मशीनची जात?”

तिनं सांगितली. अप्पांना ती खरी वाटेना. उमरीचा चटका अजून गेला नव्हता. “भावानं बदललं आसंल. मी जुन्या जातीचं शिजवून धाडतो. थांब.” त्यांनी मशीनला कामाला लावलं, कोपऱ्यातला कॅन उचलला आणि कूलरमध्ये पालथा केला. शेवटचं पाणी. मग दोघं आम्ही खुर्च्या ओढून बसलो. मशीन घुरघुरत होतं, कूलर खडखडत होता. अप्पांच्या मानेवर, मनगटावर भस्माचे थर वाळून भेगाळले होते. इतका नीटनेटका माणूस. मी दुसरीकडं बघितलं.

शिजलं. पाठवलं. तिनं उतरवलं. पुन्हा तेच: सापडत नाही. पाच वाजायला आले होते.

“वाट ल्ह्यली का?” अप्पांनी विचारलं.

“लिहिली सर.”

“मागं जुनी वाट जोडली का?”

“जोडली सर.”

“मधी विसर्ग?”

“दिलाय सर, विसर्ग दिलाय!” ती आता रडायलाच लागली. “तुम्ही सांगितलं तस्संच सगळं केलंय.”

अप्पांनी कपाळ पुसलं. सगळं बरोबर होतं आणि तरी ताट हलत नव्हतं. आणि मग, कसं सुचलं कोण जाणे, त्यांनी अगदी हळू विचारलं, “बाळ, विसर्ग काढलास कसा?”

“कसा म्हणजे? कीबोर्ड मराठीत केला, आन् काढला. विसर्ग इंग्रजीत कुठं असतो सर?”

दुःखातला विसर्ग! मशीनला हवी होती इंग्रजीतली दोन टिंबं. वंदनानं दिला होता खराखुरा, अस्सल मराठी विसर्ग. डोळ्याला दोन्ही सारखे. मशीनच्या लेखी मात्र ते पत्त्यातलंच एक परकं अक्षर, म्हणून दोन्ही वाटा एकमेकींना चिकटल्या होत्या. बाकीच्या पोरांनी अप्पांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, म्हणून ती तरली होती. हिनं शब्दन् शब्द मानला, म्हणून ही अडकली. दुसरं ताट शिजवायची गरजच नव्हती. पहिलंच बरोबर होतं.

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “वंदना, तुजी चूक न्हाई बाळ. चूक माज्या तोंडाची हाय. त्याला विसर्ग म्हणत न्हाईत. कोलन म्हणतेत. कीबोर्ड इंग्रजीत कर, आन् कोलन दे.”

उभ्या आयुष्यात हा माणूस कोलन म्हणाला तो एवढ्याच वेळी.

थोड्या वेळानं पलीकडून किंकाळी आली. “निघालं सर! पानं निघाली! मराठी पण नीट आलं!” मग फाईल गेली, आणि विद्यापीठातून पोचल्याचं उत्तर आलं. अप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “जेवली.”

त्या महिनाअखेरीला अप्पा निवृत्त झाले आणि उदगीरला गेले. नंतर आमचं बोलणं फोनवरच व्हायचं. “यंदा होतंय बगा” हे दर वर्षी ऐकायचे. भेट मात्र राहून राहून राहिलीच, आणि मागच्या श्रावणात काकूंचा फोन आला की अप्पा लिंगैक्य झाले. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. मी अजून मुलांना वाट लिहायला शिकवते तेव्हा तोंडात विसर्गच येतो, आणि मग फळ्यावर मोठी दोन टिंबं काढून सांगावं लागतं, की बाळांनो, हा इंग्रजी विसर्ग.

पण डोळ्यांपुढं येतात ते वंदना जेवली त्या संध्याकाळचेच अप्पा. मी परतीच्या एसटीसाठी निघाले होते. काकू कॉलेजवर आल्या होत्या, खांद्यावर तो कडक पंचा टाकून. अप्पांनी मशीन रीतसर बंद केलं, वर फडकं घातलं. मग कूलरच्या बुडाचं बूच काढलं आणि टाकीतलं उरलेलं पाणी एका बादलीत धरलं. पाऊण बादली भरली. वाळ्याच्या काड्या तरंगणारं, तांबूस. ते पाणी घेऊन ते विभागाच्या मागच्या फरशीवर गेले, शर्ट काढून काकूंच्या हातात दिला, धोतर खोचलं, आणि तांब्या तांब्यानं डोक्यावर घ्यायला लागले. तुंबलेल्या सगळ्या आंघोळी एकदम. भस्माचे ओघळ पोटावरून, पाठीवरून खाली उतरत होते आणि अप्पा लहान मुलासारखे ‘हूऽ हूऽ’ करत होते.

मी फाटकातून वळून बघितलं तेव्हा काकू म्हणत होत्या, “आवं, मशीन बंद झालं न्हवं? आता कुनासाठी घमेल्यात उभं राहून पानी धरून राहिलाव?”

अप्पांनी खाली बघितलं. खरंच, कोपऱ्यात पडलेलं घमेलं सवयीनं पायाखाली ओढून त्यातच उभे होते. त्यांनी पाय काही बाहेर काढला नाही. डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, “आगं, उद्या कुनाला ताट लागलं तर?”